सरांचा दुसरा जबाब

कुंभारकर सरांच्या हजेरीपटावर इथल्या सगळ्या नोकरीत एकही मूल कधी गैरहजर लागलं नाही. थाप मारत नाही मी. ते पट मी स्वतः हातात घेऊन चाळलेत, आणि पहिल्यांदा चाळले तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. नवरा रेल्वेत, त्यामुळे राहायला दौंडला, रेल्वे कॉलनीत. रोज सकाळी एसटीनं भीमा ओलांडून शाळेत जायचं आणि संध्याकाळी परत. त्याच गाडीनं गणिताचे कुंभारकर सर यायचे. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, उंच, जरा पोक काढून चालणारे. कायम दाराजवळच्या सीटवर बसायचे. आत जागा असली तरी दाराजवळच. गावातली माणसं त्यांना ‘आफ्रिका सर’ म्हणायची, कारण इथं लागायच्या आधी ते इथिओपियात मास्तरकी करून आले होते. शेवंती-झेंडूच्या रानातला माळ्याचा मुलगा, पेपरातली जाहिरात बघून अर्ज करतो आणि थेट आफ्रिकेत जाऊन पोरांना बीजगणित शिकवतो, हे आमच्या भागात कुणाला धड पटायचं नाही. तिकडं सिंह होते का, एवढंच सगळे विचारायचे. सर म्हणायचे, “व्हते की. पण ते बरे व्हते.”

तर हजेरी. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. सरांच्या पटावर बावन्न हजर आणि वर्गात मुलं एकतीस. कांदा काढणीचे दिवस, मुलं कुठं असणार? साहेबांनी विचारलं, “बाकीचे कुठं आहेत?”

“हायेत की,” सर म्हणाले.

“कुठं आहेत?”

“गावातच हायेत, साहेब. कुठं जात्यात!”

हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सरांची वेतनवाढ अडली, ताकीद मिळाली, लेखी खुलासा मागवला गेला. खुलासा मात्र सरांनी दिला नाही. कोरा कागद परत पाठवला, खाली सही नाही, काही नाही. मी तेव्हा तिशीच्या आतली, नियमाला पक्की. एसटीत त्यांना तोंडावर बोलले, “सर, राग मानू नका, पण हा शुद्ध आळस आहे. रोज दोन मिनिटं लागतात हजेरीला.”

“आळसच म्हणा, बाई,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, काय निगरगट्ट माणूस आहे! पुढं कितीतरी वर्षं माझं हेच मत होतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. चूक केली होती, तर ती सांगायलाच हवी.

शिकवायला मात्र माणूस सोन्यासारखा. गणित सोडवून झालं की फळ्यावरच्या उत्तराकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “आता हे मी चुकलो असं समजा आन् मला पकडा.” मुलं जीव तोडून पकडायला बघायची. आमच्या मराठीच्या तासाला पेंगणारी कार्टी त्यांच्या तासाला टक्क जागी असायची, याचा मला मनापासून हेवा वाटायचा.

मग ते सूक्ष्मदर्शकाचं प्रकरण झालं. प्रयोगशाळेत नवा कोरा सूक्ष्मदर्शक आला होता. महिन्याच्या आत त्याची भिंग असलेली नळीच कुणीतरी मोडून ठेवली. शेवटचा तास सरांच्याच नववीचा झालेला. हेडसर तापले. त्यांचा संशय लक्ष्मणवर. हा भीमेकाठच्या वीटभट्टीवरच्या कुटुंबातला मुलगा, अबोल, विचारलं की मान खाली घालायचा. मान खाली घालतो म्हणजे यानंच केलं, इतकं सरळ गणित. हेडसरांनी त्याला ऑफिसात दोन तास उभं केलं. शेवटी पोरगं रडत म्हणालं, “लिहून देतो, सर.” म्हणजे शाळेतून नाव कमी.

कुंभारकर सर तासाला होते. शिपाई निरोप घेऊन आला, “लक्षिमन कबूल झालाय.” सरांनी खडू ठेवला. वर्गाला म्हणाले, “एकेक कागद काढा. लिहा, सूक्ष्मदर्शक मी मोडला. खाली सही. न्हाई लिहिलं त्याला मी सहामाहीत नापास करणार.” सगळ्या वर्गानं लिहिलं. सरपंचांच्या मुलीनं लिहिलं, ज्याचा शाळेत पहिला नंबर होता त्यानं लिहिलं. एक मुलगा तर त्या दिवशी प्रयोगशाळेतच नव्हता, गावाला गेला होता, त्यानंही लिहिलं.

तो गठ्ठा घेऊन सर ऑफिसात आले. मी तिथंच होते, निबंधाच्या वह्या ठेवायला गेले होते. त्यांनी गठ्ठा हेडसरांच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“एकावन्न जण कबूल झालेत. तुमचा एक धरून बावन्न. आता बावन्नच्या बावन्न काढा शाळेतनं.”

“कुंभारकर, ही काय चेष्टा आहे?”

“चेष्टा न्हाई. पाच मिनिटांत लिहून घेतलं मी. तुम्हाला दोन तास लागले, येवढाच फरक हाय.”

सर लक्ष्मणपाशी गेले, त्याला म्हणाले, “चल, तास चालू हाय,” आणि घेऊन गेले. सूक्ष्मदर्शक कुणी मोडला ते कधीच कळलं नाही. त्या दिवशी एसटीत मी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली तरी त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. मी विचारलं, “बरं नाही का?” म्हणाले, “पोरांना भीती घातली मी, बाई. खोटी का हुईना, पण घातली.” मला काहीच उमगलं नाही. मी आपली आल्याची वडी पुढं केली.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. सरांची बायको वारली, मुलगी नाशिकला. सर दौंडात एकटेच, रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्यांत. दर रविवारी मी आणि माझे मिस्टर त्यांच्याकडं कॉफीला जायचो. ही कॉफी हा एक सोहळा होता हो. कॉलनीतल्या तमिळ गार्डबाबूंच्या घरून कच्च्या बिया आणायचे, लोखंडी तव्यावर स्वतः भाजायचे, भाजताना तवा आमच्या नाकाखाली फिरवायचे, मग खलबत्त्यात कुटायचे. कप तीन. एक पिऊन उठलात तर चालायचं नाही. “तिसरा कप झाल्याबिगर पाहुण्यानं उठायचं न्हाई, इथिओपियातली रीत हाय,” असं म्हणायचे. चहा पिणाऱ्या दौंडात हा माणूस सकाळभर कॉफी कुटत बसायचा. शेजारणी आधी वैतागायच्या, मग त्याही वाटी घेऊन दारात यायला लागल्या.

अशाच एका रविवारी महेश आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता सणसवाडीच्या एका कंपनीत मोठा साहेब. कामगारांच्या तक्रारी, चौकशा, नोटिसा हे त्याच्याकडं. चांगला मुलगा, सरांच्या पाया पडला, पेढे आणले. बोलता बोलता रंगात आला.

“सर, माणसाकडनं कबुली घ्यायची म्हंजी कला हाय. केबिनमध्ये बसवायचा, मोबाइल काढून घ्यायचा, कागद पुढं ठेवायचा. दहा मिनिटांत लिहून देतो.”

“काय लिहून देतो?” सरांनी कुटता कुटता विचारलं.

“जे झालंय ते.”

“काय झालंय ते तुला कसं ठावं?”

“त्यानं लिहिलेलं असतंय ना, सर!”

माझ्या मिस्टरांना हसू आलं, त्यांनी ते कपात लपवलं. सर हसले नाहीत. उठले, एक वही आणि पेन महेशपुढं ठेवलं. “कालचा दिवस लिही. उठल्यापासून झोपेपर्यंत. सगळं.” महेशला वाटलं, गंमत आहे. त्यानं लिहिलं. सरांनी पान फाडून घेतलं, म्हणाले, “परत लिही.” त्यानं लिहिलं. “आन् एकदा.” तिसऱ्यांदा लिहिताना त्याची गंमत संपलेली होती, पण शाळेतली सवय, मान खाली घालून लिहिलं त्यानं.

सरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि लाल पेन काढलं. “पहिल्यात तू साडेआठला कंपनीतनं निघालास. दुसऱ्यात पावणेनऊला. पंधरा मिनिटं कुणाला भेटत व्हतास?”

“कुणाला न्हाई, सर. अंदाजानं लिहिलं.”

“पहिल्यात चहा प्यालो, असं हाय. तिसऱ्यात चहा प्यालो आम्ही, असं हाय. आम्ही म्हंजी कोण?”

महेशचे कान लाल झाले. “एक कंत्राटदार भेटला व्हता टपरीवर. विसरलो, सर.”

“विसरलास का लपवलंस?”

“विसरलो, आईच्यान्.”

“मग तिसऱ्या वेळी कसा आठवला? चौथ्यांदा लिही.”

“सर, आता मलाच कळंना, साडेआठ का पावणेनऊ.” पोरगा घामाघूम झाला होता. मी मध्ये पडले, म्हटलं, “सर, पुरे झालं आता, पाहुणा आहे तो.” सरांनी पेन बंद केलं. तव्यावरच्या बिया करपल्या होत्या, त्यांनी त्या तशाच ठेवल्या.

“तुला तासभर झाला,” ते म्हणाले. “मला एकोणीस दिवस व्हते.”

आणि मग तीसेक वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा आम्हाला कळलं, हे दाराजवळच्या सीटवर का बसतात ते.

तिकडं इथिओपियात राजा गेला होता आणि क्रांती झाली होती. आधी सगळे खूश, सरसुद्धा खूश. गरिबाला जमीन मिळणार म्हणून कुणाला वाईट वाटेल? मग मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या झाल्या, बंदुका आल्या आणि क्रांतीचे शत्रू शोधणं सुरू झालं. एके सकाळी सरांच्या शाळेच्या भिंतीवर सरकारविरुद्ध पत्रकं चिकटवलेली सापडली. समितीची माणसं आली. सरांची हजेरी अगदी चोख, नव्यानं गेलेला हिंदुस्थानी मास्तर, शिस्तीचा अभिमान. त्यांनी तो पट कौतुकानं पुढं केला. पहिल्या तासाला एकच मुलगा गैरहजर होता, दावित नावाचा. सोळा वर्षांचा, गणितात पहिला.

“आन् तो कुठं व्हता, ते मला ठावं व्हतं,” सर म्हणाले. “रॉकेलच्या रांगेत व्हता. माझा स्टो बंद पडलेला, मीच पाठवलेला. पहाटेपास्नं रांगा लागायच्या. मला शाळा, म्हणून त्याला उभा केला. आन् तासाला आला न्हाई म्हणून गैरहजर लावला. नियम म्हंजी नियम.”

त्यांनी समितीला तेच सांगितलं. समितीवाले म्हणाले, लिहून द्या. दिलं. दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन गेले आणि म्हणाले, परत लिहा. विचारणारा विशीतला, त्याच शाळेत शिकलेला. फार अदबीनं बोलायचा, “टीचर, परत लिहा.” जन्मापासूनची सगळी हकिकत लिहायची, शिरूर, शेवंतीचं रान, विमान, शाळा, ती सकाळ. मग आधीच्या कागदाशी ताडून बघायचे. एका कागदात रॉकेलचा डबा निळा, दुसऱ्यात नुसताच डबा. निळा का लपवलात? एकात सूर्य उगवायच्या आधी पाठवलं, एकात उगवताना. मधल्या वेळेत त्यानं काय केलं? झोपू द्यायचे नाहीत, दाराला कायम बाहेरून कडी.

“मारलं का हो, सर?” महेशनं विचारलं.

“मला कुणी बोट लावलं न्हाई. मी परदेशी. शेजारच्या खोलीत मारायचे. भिंत पातळ व्हती.” सरांनी महेशचे तिन्ही कागद एकावर एक ठेवले. “एकवीस वेळा लिहिलं मी. आधी डबा गेला, मग रांग गेली, मग रॉकेल गेलं. शेवटच्या कागदात मी लिहिलं, की दावितला मी पहाटे भिंतीपाशी बघितलं, हातात खळीची वाटी व्हती. सही केली. तिसऱ्या दिवशी मला विमानात बसवलं.”

“आणि दावित?” मी विचारलं.

“ठाऊक न्हाई, बाई.”

मला आपली ती एसटी आठवली, आणि मी तोंडावर आळशी म्हटलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. महेश त्या दिवसानंतर साधूसंत झाला असं काही मी सांगणार नाही, नोकरी करतोच आहे तो. पण महिन्याभरानं त्याचा मला फोन आला. म्हणाला, “बाई, सरांना सांगा, माणसाला केबिनमध्ये एकटं बसवायचं मी बंद केलंय. कुणीतरी त्याच्या बाजूचा संगं असतो आता.” सरांना सांगितलं, तर म्हणाले, “हुशार व्हता तो, फक्त अक्षर वाईट.”

दोन वर्षांमागं सरांच्या त्या आफ्रिकेतल्या शाळेच्या जुन्या मुलांनी मोबाइलवर एक ग्रुप केला. कुणी अमेरिकेत, कुणी स्वीडनमध्ये, शोधत शोधत सरांपर्यंत पोचले. एक दिवस कॅनडातून एका बाईंचा फोन आला. अल्माझ, दावितची धाकटी बहीण. तेव्हा आठ वर्षांची होती. दावितला घरातून नेलं ते सरांनी सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी. परत आला नाही. समितीनं आईला कागद दाखवला होता, की बघ, त्याच्या परदेशी टीचरनंच सांगितलंय. आई मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, इतका भला टीचर खोटं कशाला लिहील? म्हणजे आपल्या पोरानं आपल्यापासून काहीतरी लपवलं.

अल्माझ सरांवर ओरडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “टीचर, ते खरं होतं का?”

“न्हाई,” सर म्हणाले.

“मग मला तसं लिहून द्याल? पक्क्या कागदावर?”

सरांनी तिला हो म्हटलं, फोन ठेवला आणि महिनाभर काही केलं नाही. मला राग आला. मी सरळ गेले आणि म्हटलं, “सर, इतकी वर्षं वाट बघितलीत आणि आता पाय का ओढताय? ती बिचारी तिकडं वाट बघतीय.” सर पलंगावर बसले होते. अलीकडं विसरायला लागले होते, गॅस चालू राहायचा, माझ्या मिस्टरांना दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं, हे आता वाढत जाणार.

“बाई, दार लावा,” ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मला तो दिसतो.”

“कोण?”

“दावित. भिंतीपाशी. हातात वाटी. रांगेतला दिसतच न्हाई आता. एकवीस वेळा लिहिलंय ते मी, त्यामुळं तेच डोळ्यांपुढं येतं. मी बघितलं नव्हतं, हे मला ठावं हाय, पर दिसतं. उद्या हे ठावं असणं पण गेलं म्हंजी? मग मी तिला काय लिहून देऊ? खोटं का खरं, हे मलाच कळणार न्हाई.” आणि तो उंच माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात!

मी म्हटलं, “मग उद्याच जाऊ.”

“दौंडात नको,” ते म्हणाले. “हितं सगळे वळखत्यात. शिरूरला जाऊ.”

ती आमची एकत्र शेवटची एसटी. त्यानंतर महिन्याभरात मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली, आणि आता फोनवर ते मला ओळखत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं. वाटेत न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला सगळा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला.

शिरूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एकाला सरांनी इंग्रजीत मजकूर सांगितला. माझ्या विद्यार्थ्याविरुद्ध मी दिलेला जबाब खोटा होता. त्या सकाळी तो माझ्यासाठी रॉकेल आणायला रांगेत उभा होता. त्याला मीच पाठवलं होतं. मी घाबरलो म्हणून खोटं लिहिलं. टायपिंगवाला थांबला. भला माणूस होता, म्हणाला, “आबा, ‘घाबरलो’ नको. ‘परिस्थितीमुळं’ टाकू का? बरं दिसतंय.”

“न्हाई. घाबरलो.”

त्यानं टाइप केलं. आणि खाली, प्रत्येक प्रतिज्ञापत्राला असतं तसं, ठरलेलं वाक्य आपोआप घातलं. वरील मजकूर मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. सरांनी कागद हातात घेतला, वाचला आणि त्यांचा हात थांबला.

“हे काढा.”

“अवो, हे लागतंच, आबा. याच्याबिगर नोटरी व्हत न्हाई.”

“तिकडच्या कागदावर पण हेच वाक्य व्हतं. शेवटचं. त्याच्याच खाली सही केलीय मी.”

दोघांचं जुळेना, तेव्हा आम्ही नोटरी करणाऱ्या वकीलबाईंपुढं गेलो. तरुण पोरगी, टेबलावर शिक्के, डबा अर्धा खाल्लेला. तिनं कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला. डब्याचं झाकण लावलं.

“आजोबा, मला विचारावंच लागतं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?”

“हाय,” सर म्हणाले.

ती दचकली. माझ्याकडं बघितलं, जणू मीच त्यांना धरून आणलंय. “कुणाचा?”

“एका पोराचा. पन्नास वर्षं व्हत आली.”

मग पेन घेऊन तिनं ते शेवटचं वाक्य खोडलं, शेजारी स्वतःची छोटी सही केली आणि म्हणाली, “तसला चालतो, आजोबा. करा सही.” सरांनी सही केली. शिक्का बसला तेव्हा टायपिंगवाला दारात येऊन उभा होता, उगाचच.

चार वाजून गेले होते. कागद कुरियरनं जाणारच होता, पण अल्माझ म्हणाली होती की झालं की लगेच वाचून दाखवा, तिकडं सकाळ असते. शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. मी फोन लावून दिला, आवाज मोठा केला. सरांनी चष्मा पुसला आणि शाळेत धडा वाचावा तसा सगळा कागद वाचला. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, शेजारी एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

वाचून झालं. मग तिचा आवाज आला. इंग्रजीतच बोलत होती, सावकाश.

“टीचर, त्या दिवशी त्याच्या शर्टाला रॉकेलचा वास येत होता.”

सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“आई फार रागावली होती. शाळेचा तेवढा एकच शर्ट होता त्याला. तिनं तो दोनदा धुतला, तरी वास गेला नाही. शाळा बुडाली म्हणून असेल, वास कुठून लागला ते त्यानं कधी सांगितलंच नाही.”

“वास येत होता?” सरांनी विचारलं.

“हो, टीचर. त्याला नेलं तेव्हाही थोडा येत होता.”

सर माझ्याकडं वळले. चेहरा ओला झाला होता, आणि ते हसत होते. असं हसताना त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. “बाई, वास येत व्हता म्हणती.”

“ऐकलं मी, सर.”

“म्हंजी रांगेतच व्हता.”

“हो, सर.”

दौंडची गाडी लागली. मी पिशवी उचलली, पण सर उठायला तयार नाहीत. ते फोनवर तिला विचारत होते, शर्ट निळा होता ना, अंगाला जरा मोठा, बाह्या दुमडलेल्या? ती म्हणाली, “नाही, टीचर, पांढरा.” “पांढरा तर पांढरा,” सर म्हणाले, आणि बाह्यांचं काय, ते विचारायला लागले. गाडी भरली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.